चार्टर स्कूल: सरकारी पैसा, खासगी चालक आणि पाच वर्षांचा करार

अमेरिकेत नुकत्याच गेलेल्या मराठी कुटुंबाने मुलांसाठी शाळा शोधायला घेतली की लवकरच ‘चार्टर स्कूल’ हा प्रकार समोर येतो. फी नाही, म्हणजे सरकारी असणार. पण गणवेश वेगळा, वेळापत्रक वेगळं, प्रवेशाला सोडत, म्हणजे खासगी असणार. ओळखीच्यांना विचारावं तर एक जण सांगतो, ‘नंबर लागला तर सोडू नका.’ दुसरा सांगतो, ‘आमच्याकडची ऐन वर्षात बंद पडली.’ दोघंही खरं बोलत असू शकतात.

महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाला हा प्रकार समजायला फार जड जाऊ नये, कारण आपल्याकडे अनुदानित शाळा आहेत. शाळा चालवते शिक्षणसंस्था, पगार देतं सरकार, आणि संचमान्यतेत पट मोजून किती शिक्षक मिळणार ते ठरतं. चार्टर शाळेचा सांगाडा याच्या जवळचा आहे: पैसा सरकारचा, चालवणारी संस्था खासगी, बहुतेक वेळा ना-नफा, आणि पैशाचा हिशेब पटावर. फरक दोन ठिकाणी आहे. आपल्याकडे शाळा एकदा अनुदानावर आली की सहसा तिथेच राहते (अनुदानावर येईपर्यंत किती वर्षं जातात, ते विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकांना विचारण्याचं धाडस करू नये). चार्टर शाळेला मात्र मुदतीचा करार असतो, बहुतेक ठिकाणी पाचेक वर्षांचा. मुलांकडून काय अपेक्षित आहे, निकाल कसे मोजायचे, हिशेब कुणाला द्यायचा, हे सगळं त्या करारात लिहिलेलं असतं. मुदत संपली की नूतनीकरण, नाहीतर कुलूप.

दुसरा फरक मोकळिकीचा. शिक्षकांच्या नेमणुका, पगार, शाळेचे तास, अभ्यासक्रमाची मांडणी या बाबतीत चार्टर शाळेवर नेहमीच्या सरकारी शाळेइतके नियम नसतात. बहुतेक चार्टर शाळांत शिक्षकांची युनियनही नसते. नको असलेला शिक्षक मुख्याध्यापक पुढच्या वर्षी ठेवत नाही. हे वरदान ठरतं की छळ, ते त्या खुर्चीत कोण बसलंय यावर ठरतं.

थोडक्यात सौदा असा: स्वातंत्र्य घ्या, निकाल दाखवा, नाही दाखवले तर शाळा बंद. माझ्या मते सगळी गंमत या शेवटच्या कलमात आहे. ते पाळायची कुणाची तयारी असेल तर सौद्याला अर्थ, नाहीतर उरतो तो फक्त सरकारी पैसा आणि मोकळीक. ‘चार्टर शाळा चांगल्या की वाईट’ या वादात हा मुद्दा हरवतो, कारण चार्टर ही शिकवण्याची पद्धतच नव्हे. एका चार्टर शाळेत मॉन्टेसरीचे ठोकळे असतात, दुसरीत रांगेत चालताना बोलायलाही बंदी असते, तिसरीत मूल घरी लॅपटॉपसमोर बसलेलं असतं. तिघींना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तो करार.

या शाळा सरकारी की खासगी, हा प्रश्न तर थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला. ओक्लाहोमात कॅथलिक चर्चला सेंट इझिडोर नावाची ऑनलाइन चार्टर शाळा काढायची होती. चार्टर शाळा सरकारी असेल तर ती धर्मशिक्षण देऊ शकत नाही. खासगी असेल, तर फक्त धार्मिक आहे म्हणून तिला पैसा नाकारता येत नाही, असा युक्तिवाद करता येतो. मे २०२५ मध्ये न्यायाधीश ४-४ असे विभागले गेले (एक न्यायाधीश सुनावणीपासून दूर राहिल्या), त्यामुळे शाळेला मनाई करणारा राज्याच्या न्यायालयाचा निकाल कायम राहिला. प्रश्न मात्र सुटलेला नाही.

शिक्षक नेत्याची कल्पना, युनियनचं दुखणं

आज शिक्षक संघटना चार्टर शाळांच्या विरोधात उभ्या असतात. पण ही कल्पना देशभर पोहोचवली ती एका शिक्षक संघटनेच्याच अध्यक्षाने. मॅसॅच्युसेट्समधले प्राध्यापक रे बुडे यांनी ती आधी मांडली होती. १९८८ मध्ये अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्सचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी ती उचलून धरली. त्यांच्या डोळ्यांसमोर छोट्या प्रयोगशाळा होत्या: शिक्षकांच्या गटाने काही वर्षांची परवानगी घ्यावी, नवं काही करून पाहावं आणि जमलं तर ते बाकीच्या शाळांनी घ्यावं. पुढे खासगी कंपन्या आत शिरताना पाहून शँकर स्वतःच टीकाकार झाले.

पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटात झाला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी ही पहिली चार्टर शाळा उघडली. ती होती मध्येच शाळा सोडलेल्या मुलांसाठी. त्यानंतर क्लिंटन, बुश, ओबामा, या तिघांनीही आपापल्या परीने हे रोप वाढवलं. अमेरिकेत दोन्ही पक्षांना एकाच वेळी आवडलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक होती. २०१० च्या शरद ऋतूत चार्टर शाळांत १८ लाख मुलं होती. २०२१ पर्यंत ती ३७ लाख झाली आणि शाळा ५,३०० वरून ७,८०० वर गेल्या. याच काळात नेहमीच्या सरकारी शाळांतली मुलं सुमारे २० लाखांनी घटली.

तरीही देशाच्या पातळीवर हे प्रमाण सरकारी शाळांतल्या मुलांच्या साधारण ७ टक्केच भरतं. ही सरासरी फसवी आहे, कारण वाटप अगदी विषम आहे. राजधानी वॉशिंग्टनमध्ये सरकारी शाळांतली जवळपास निम्मी मुलं चार्टरमध्ये आहेत, अॅरिझोनात साधारण पाचातलं एक. व्हरमाँटमध्ये चार्टरचा कायदाच नाही. गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्तीच्या मोठ्या शहरांत या शाळा दाटीने आहेत. जिथे नेहमीच्या शाळांवर पालक आधीच नाराज होते, तिथेच त्यांना गिऱ्हाईक मिळालं.

पैसा मुलामागे जातो, खर्च मागे राहतो

अमेरिकेत शाळांचा कारभार स्कूल डिस्ट्रिक्टकडे असतो. फक्त शाळांसाठी निवडून दिलेली वेगळी नगरपालिका, असं समजायला हरकत नाही. तिचा साधारण निम्मा पैसा राज्याकडून येतो आणि जवळपास तितकाच स्थानिक करांतून, मुख्यतः घरपट्टीतून. केंद्र सरकारचा वाटा त्या मानाने किरकोळ. मूल चार्टर शाळेत गेलं की त्याच्या नावचा पैसा तिकडे वळतो. तो किती आणि कुठल्या वाटेने, याचं सूत्र प्रत्येक राज्यात वेगळं आहे.

ऐकायला हे न्याय्य वाटतं: मूल गेलं, पैसा गेला, जबाबदारीही गेली. आता आकडे धरून पाहू. समजा, एका डिस्ट्रिक्टमध्ये दर मुलामागे १५ हजार डॉलर खर्च होतात आणि १०० मुलं चार्टरमध्ये गेली. उत्पन्न १५ लाखांनी घटलं. पण ही शंभर मुलं एका शाळेतून, एका वर्गातून उठून गेलेली नसतात. इथल्या तिसरीतून दोन, तिथल्या सातवीतून एक, अशी ती विखुरलेली असतात. अठ्ठावीसच्या वर्गात सव्वीस मुलं राहिली म्हणून शिक्षकाचा पगार कमी होत नाही. बस तीच, गळकं छप्पर तेच, निवृत्त शिक्षकांचं पेन्शनही तेच. शाळा एकत्र करून, काही बंद करून खर्च खाली आणता येतो, पण त्याला वर्षं लागतात आणि शाळा बंद करणं म्हणजे राजकीय आत्महत्या. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा विषय निघाला की आपल्याकडे काय होतं, ते आठवा. मॅसॅच्युसेट्ससारखी काही राज्यं डिस्ट्रिक्टला सुरुवातीची काही वर्षं भरपाई देतात. बऱ्याच ठिकाणी तीही नसते.

चार्टर शाळावाल्यांची बाजूही खोटी नाही. अनेक राज्यांत घरपट्टीतला वाटा त्यांच्यापर्यंत पूर्ण पोहोचत नाही. इमारतीचा प्रश्न त्याहून मोठा. डिस्ट्रिक्ट रोखे काढून शाळा बांधू शकतं, चार्टर शाळेला मात्र भाडं शिकवण्याच्या पैशातून काढावं लागतं. म्हणून कुणी जुन्या चर्चमध्ये भरते, कुणी बंद पडलेल्या सुपरमार्केटमध्ये. न्यूयॉर्क राज्याने २०१४ मध्ये कायदा करून शहरातल्या नव्या चार्टर शाळांना एकतर जागा द्या नाहीतर भाडं द्या, असं ठरवलं. त्यामुळे तिथे एकाच इमारतीत खाली सरकारी शाळा, वर चार्टर, आणि जिमखान्याच्या वेळेवरून भांडणं, असं चित्र दिसतं. केंद्राचा चार्टर स्कूल्स प्रोग्राम १९९४ पासून आहे. अनेक वर्षं त्यात वर्षाला ४४ कोटी डॉलर होते, पण तो पैसा मुख्यतः शाळा सुरू करण्यासाठी आणि वाढवण्यासाठी, रोजच्या खर्चासाठी नव्हे.

एकूण हिशेबात चार्टर शाळांना दर मुलामागे कमी पैसा मिळतो, असं बहुतेक तुलना सांगतात. मात्र नेहमीच्या शाळांकडे विशेष गरजा असलेली मुलं प्रमाणाने जास्त असतात, गंभीर अपंगत्व असलेली तर आणखी जास्त, आणि त्यांचा खर्च कितीतरी पट असतो. हे वजा न करता मांडलेला आकडा कुठल्याही बाजूने आला तरी संशयाने बघावा.

पैसा पटावर मिळतो म्हटल्यावर पट फुगणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रभर एकाच वेळी झालेली पटपडताळणी (पटावरची मुलं वर्गात खरोखर आहेत का, याची तपासणी) ज्यांना आठवते, त्यांना ओहायोतली गोष्ट ओळखीची वाटेल. तिथल्या इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो या ऑनलाइन चार्टर शाळेने २०१५-१६ साठी १५ हजारांवर मुलांचे पैसे घेतले होते. मुलं खरोखर किती वेळ शिकत होती, याचे पुरावे राज्याने मागितले तेव्हा सुमारे ६,३०० पूर्णवेळ मुलांइतकेच निघाले. वसुली सुरू झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या मधोमध, शाळा बंद पडली. कॅलिफोर्नियात तर ऑनलाइन चार्टर शाळांच्या एका जाळ्याने उन्हाळी खेळांच्या क्लबमधल्या मुलांची नावंही पटावर चढवली. २०१९ मध्ये आरोपपत्र दाखल झालं, तेव्हा राज्याकडून उकळलेली रक्कम ४० कोटी डॉलरच्या घरात होती. त्यानंतर राज्याने अशा वर्गाबाहेरच्या नव्या चार्टर शाळांना परवानगी देणंच काही वर्षांसाठी थांबवलं.

मुलं शिकतात का? कुणाच्या तुलनेत?

चार्टर शाळेतल्या मुलांचे गुण आणि शेजारच्या सरकारी शाळेतल्या मुलांचे गुण शेजारी ठेवले, तर काहीच कळत नाही. ज्या पालकाने अर्ज भरला, तारीख पाळली, रोज मुलाला गाडीने सोडायची तयारी ठेवली, त्याचं मूल तसंही थोडं पुढे असायची शक्यता असते. शाळा बस देत नसेल, दुपारचं जेवण देत नसेल, तर कुठलीही परीक्षा न घेता निवड आपोआप होते.

यातून सुटायचा सर्वात चांगला मार्ग सोडतीतच दडलेला आहे. आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी निघते तशीच ही सोडत: जागांपेक्षा अर्ज जास्त आले की चार्टर शाळेला चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. म्हणजे अर्ज करणारे सगळेच उत्साही पालक, पण त्यातल्या काहींचा नंबर लागला, काहींचा नाही, आणि हे ठरवलं निव्वळ नशिबाने. आता नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची काही वर्षांनंतर तुलना करा. जो फरक दिसेल तो शाळेचा, पालकांचा नव्हे.

बॉस्टनमध्ये अर्थतज्ज्ञांनी नेमकं हेच केलं. निकाल थक्क करणारे होते. शहरातल्या चार्टर शाळांत गेलेली मुलं, विशेषतः गणितात, एवढी पुढे गेली की कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या गुणांमधली दरी काही वर्षांत बरीचशी भरून निघावी. पुढे यातली जास्त मुलं दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजऐवजी चार वर्षांच्या कॉलेजात गेली. या शाळांत दिवस लांब, शिस्त कडक, मागे पडलेल्यांना जादा शिकवणी, आणि शिक्षकाच्या वर्गात सतत कुणीतरी येऊन बसलेलं. पण याच राज्यात, याच कायद्याखाली, शहराबाहेरच्या चार्टर शाळांत गेलेल्या मुलांना काहीच फायदा झाला नाही. काही बाबतींत ती मागेच पडली. करार तोच, शाळा वेगळ्या, आणि ज्या शाळेत मूल एरवी गेलं असतं तीही वेगळी. उपनगरातली सरकारी शाळा मुळात चांगली असते. तिला मागे टाकणं अवघड.

१५ राज्यांतल्या मिडल स्कूल (साधारण सहावी ते आठवी) पातळीच्या ३६ चार्टर शाळांच्या सोडतींवर २०१० मध्ये आलेल्या अभ्यासातही तेच दिसलं: सरासरी फरक शून्याजवळ, पण गरीब मुलांना फायदा, सुखवस्तू मुलांना तोटा.

सोडतीच्या अभ्यासात एक उणीव आहे. सोडत तिथेच निघते जिथे गर्दी असते, आणि गर्दी चांगल्या शाळेलाच होते. ओस पडलेल्या शाळेचं मोजमाप राहूनच जातं. त्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रेडो या संशोधन केंद्राची पद्धत वापरतात: चार्टरमधल्या प्रत्येक मुलासाठी नेहमीच्या शाळेतली, तेवढेच जुने गुण, तशीच घरची परिस्थिती असलेली मुलं शोधायची आणि वर्षभरात कोण किती पुढे गेलं ते बघायचं. पद्धत सोडतीइतकी पक्की नाही, पण आवाका मोठा. २००९ च्या पहिल्या अहवालात चार्टर शाळांचं हसं झालं: गणितात फक्त १७ टक्के शाळा शेजारच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के त्यांच्याहून वाईट. २०१३ मध्ये तराजू साधारण समतोल झाला. २०२३ च्या अहवालात चार्टरमधली मुलं वाचनात वर्षाला १६ दिवस आणि गणितात ६ दिवस पुढे निघाली. १८० दिवसांच्या वर्षात ६ दिवस म्हणजे आठवडाभराची शाळा. मथळ्यांमध्ये गाजला तेवढा हा आकडा मोठा नाही.

या सरासरीच्या पोटात शिरलं की खरी गोष्ट सापडते. कृष्णवर्णीय मुलांना वाचनात ३५ दिवसांचा फायदा, लॅटिनो मुलांना ३०. विशेष गरजा असलेली मुलं मात्र चार्टरमध्ये मागे. अनेक शाळांचं जाळं चालवणाऱ्या संस्थांच्या शाळा एकट्यादुकट्या शाळांपेक्षा सरस. आणि ऑनलाइन चार्टर शाळा? वाचनात ५८ दिवस मागे, गणितात १२४ दिवस मागे. मूल पटावर आहे, पण गणिताचं दोन-तृतीयांश वर्ष वाया गेलं, असा त्याचा अर्थ. नेमक्या याच शाळांकडे करोनाच्या वर्षात लोंढा वळला. २०२०-२१ मध्ये चार्टर शाळांत साधारण २ लाख ४० हजार मुलं वाढली, त्यातली बरीचशी ऑनलाइनवाल्यांकडे. वाढीचा आकडा अभिमानाने मिरवणाऱ्यांनी हे वाक्य शेजारी ठेवावं.

शाळांच्या मोठ्या जाळ्यांपैकी सर्वात गाजलेलं म्हणजे किप. नव्या पदवीधरांना गरीब वस्तीतल्या शाळांत शिकवायला पाठवणाऱ्या टीच फॉर अमेरिका या संस्थेतून आलेल्या दोन तरुण शिक्षकांनी ते १९९४ मध्ये ह्यूस्टनमध्ये सुरू केलं. या घराण्याची एक शाखा आपल्यापर्यंतही पोहोचली आहे: टीच फॉर अमेरिकाच्या धर्तीवर २००९ मध्ये टीच फॉर इंडिया उभी राहिली. तिच्या संस्थापक शाहीन मिस्त्री यांनीच १९९१ मध्ये स्थापन केलेली आकांक्षा ही संस्था मुंबई आणि पुण्यातल्या काही महापालिका शाळा भागीदारीत चालवते. मात्र आर्थिक बाजू उलटी आहे. अमेरिकेत मुलामागचा सरकारी पैसा चालकाकडे जातो. इथे पालिका इमारत आणि इतर सोयी देते, आणि शिक्षकांचा खर्च संस्थेला बराचसा देणग्यांतून उभा करावा लागतो. त्यामुळे ‘आपल्याकडेही चार्टर आलं’ असं म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

बॉस्टनचे इतके चांगले निकाल समोर असताना २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांना विचारलं गेलं: वर्षाला आणखी १२ चार्टर शाळांना परवानगी द्यायची का? सुमारे ६२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. मतदार अडाणी होते असं समजायचं कारण नाही. उपनगरातल्या माणसाला बॉस्टनच्या मुलाचा फायदा दिसत नव्हता, आपल्या डिस्ट्रिक्टच्या अंदाजपत्रकातलं भगदाड मात्र दिसत होतं. संशोधकांनी मुलांचं मोजलं होतं, मतदारांनी पैशाचं मोजलं.

करारातलं शेवटचं कलम सर्वात कठोरपणे पाळलं गेलं ते न्यू ऑर्लीन्समध्ये. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर लुइझियाना राज्याने शहरातल्या बहुतेक शाळा ताब्यात घेतल्या आणि हळूहळू चार्टर संस्थांकडे दिल्या. ७ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकलं, त्यात शहरातल्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचा कणा असलेल्या शिक्षिका मोठ्या संख्येने होत्या. ती जखम अजून भरलेली नाही. निकाल मात्र सुधारले: गुण वाढले, शाळा पूर्ण करणारे वाढले, कॉलेजात जाणारे वाढले. तुलेन विद्यापीठातल्या डग हॅरिस यांच्या गटाने वर्षानुवर्षं याचा अभ्यास केला. त्यांच्या मते या सुधारणेचा मोठा भाग नापास शाळांचे करार संपवून त्या दुसऱ्या चालकांना देण्यातून आला. त्याच गटाने हेही दाखवलं की सुरुवातीच्या वर्षांत दर मुलामागचा खर्च वाढला, पण वाढ गेली प्रशासनाकडे. वर्गातल्या शिकवण्यावरचा खर्च उलट घटला.

२०१९ पर्यंत शहरातल्या जवळजवळ सगळ्या सरकारी शाळा चार्टर झाल्या होत्या. मग एका नापास चार्टर शाळेचं नूतनीकरण नाकारलं गेलं आणि मुलांना कुठे पाठवायचं हा प्रश्न उभा राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच इमारतीत शहराच्या स्कूल बोर्डाने (डिस्ट्रिक्टच्या निवडून आलेल्या मंडळाने) लीह चेज स्कूल ही स्वतः चालवायची शाळा उघडली. कुठल्याही चार्टर संस्थेच्या कराराशिवाय.